खिशातील संगीतयंत्र आणि त्याचा कारभारी

सुवाह्य संगीतयंत्राचा इतिहास आजवर बहुधा यंत्राच्या बाजूने लिहिला गेला आहे. त्याचा आकार केव्हा लहान झाला, त्यात किती गाणी मावू लागली, त्यावरील चक्र बोटाने कसे फिरे, यांची वर्णने पुष्कळ झाली आहेत. परंतु या यंत्राबरोबर पेटीत बहुधा एक चकती येत असे, आणि तिच्यावरील सॉफ्टवेअर संगणकात उतरविल्यावाचून यातली बहुतेक यंत्रे मुकी राहत. ग्राहक पैसे मोजून घेई ते यंत्र. त्यात काय जाईल, काय टिकेल आणि काय बाहेर येईल हे ठरवी ते सॉफ्टवेअर. आपल्याकडे एके काळी धनी साताऱ्यास आणि कारभार पुण्यास अशी व्यवस्था होती. तिची आठवण व्हावी असाच हा प्रकार होय. प्रस्तुत निबंधात या कारभाऱ्याचा विचार १९९८ ते २०२२ या कालमर्यादेत करावयाचे योजिले आहे.

भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने या विषयात का शिरावे, अशी शंका कोणी घेईल. तिचे उत्तर असे, की या यंत्राच्या स्वामित्वासंबंधी जे वाद झाले ते मुळाशी काही शब्दांच्या अर्थाचे वाद होते. ‘गाणे’, ‘संग्रह’, ‘माझे’ हे ते शब्द. त्यांचे अर्थ शब्दकोशात नव्हे, तर सॉफ्टवेअरच्या चौकटींत ठरविले गेले आणि वापरणाऱ्याने ते न वाचताच मान्य केले.

प्रथम थोडी पूर्वपीठिका. संगीताच्या सीडीवरील ध्वनी सेकंदास सुमारे १४११ किलोबिट इतकी जागा व्यापतो. जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेच्या संशोधकांचा मोठा वाटा असलेल्या पद्धतीने तो १२८ किलोबिटांत, म्हणजे सुमारे अकराव्या हिश्श्यात, बसविता येऊ लागला. या फाइलींच्या नावापुढे ‘एमपी३’ हे शेपूट लावावे असे त्या संस्थेत १९९५ च्या जुलैमध्ये ठरले. फाइल लहान झाली तेव्हा ती खिशात नेण्याची कल्पना सुचणे क्रमप्राप्तच होते. १९९८ मध्ये कोरियातील सेहान कंपनीचे ‘एमपीमॅन’ आणि त्याच वर्षी अमेरिकेतील डायमंड कंपनीचे ‘रिओ’ बाजारात आले. रिओची स्मृती ३२ मेगाबाइटांची होती. तीत जेमतेम अर्ध्या तासाचे संगीत मावे.

एवढ्या लहानशा यंत्रावर ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या संघटनेने ऑक्टोबर १९९८ मध्ये दावा लावला. १९९२ च्या अमेरिकन कायद्यानुसार अंकीय ध्वनिमुद्रण करणाऱ्या उपकरणात नकलांची साखळी रोखणारी व्यवस्था असणे आणि त्यावर स्वामित्वशुल्क देणे आवश्यक होते. रिओमध्ये दोन्ही नव्हते. १५ जून १९९९ रोजी अपील न्यायालयाने निर्णय दिला तो डायमंडच्या बाजूने. त्यातील युक्तिवाद मोठा लक्षणीय आहे. रिओ स्वतः कोठल्याही सीडीवरून ध्वनी उचलू शकत नाही; तो केवळ संगणकाच्या हार्ड डिस्कवरून, सोबतच्या सॉफ्टवेअरच्या मार्फत, फाइल घेतो; आणि संगणक हे काही मुख्यत्वे ध्वनिमुद्रणाचे उपकरण नव्हे; सबब रिओ कायद्याच्या व्याख्येत बसत नाही. आपल्या मालकीचे संगीत एका जागेवरून दुसऱ्या जागी नेणे हा खासगी वापरच होय, असेही न्यायालयाने म्हटले. म्हणजे यंत्र सुटले ते त्याच्या परावलंबनामुळे! ते संगणकावाचून लुळे होते, म्हणूनच निर्दोष ठरले. पुढील वीस वर्षांतील यंत्र आणि संगणक यांच्या घट्ट जोडीमागे सोय होती, व्यापार होता, हे खरेच. पण तिला प्रारंभीच हे कायद्याचे अभय मिळाले होते, ही गोष्ट सहसा कोणी ध्यानात घेत नाही.

सोनीने याच सुमारास वेगळी वाट धरली. ‘वॉकमन’ हा शब्द जगाला देणाऱ्या या कंपनीने १९८८ मध्येच सीबीएसचा ध्वनिमुद्रण व्यवसाय विकत घेतला होता. त्यामुळे यंत्र विकणारा हात आणि गाणी राखणारा हात हे दोन्ही एकाच अंगाचे होते. १९९९ च्या अखेरीस आलेल्या तिच्या नव्या वॉकमनला एमपी३ फाइल थेट वाजविता येत नसे. ओपनएमजी या सोबतच्या सॉफ्टवेअरने तिचे अॅट्रॅक३ या सोनीच्या स्वतःच्या रूपात परिवर्तन करावे आणि मग ती यंत्रात घालावी, असा क्रम होता. या घालण्यास शब्द योजिला होता ‘चेक-आउट’, आणि परत आणण्यास ‘चेक-इन’. ग्रंथालयातील देवघेवीची ही परिभाषा. एक गाणे तीन वेळा बाहेर नेता येई. चौथ्यांदा न्यावयाचे तर आधी एक परत जमा केले पाहिजे. स्वतःच्या पैशाने घेतलेल्या सीडीवरील गाणे, स्वतःच्या संगणकातून, स्वतःच्या यंत्रात नेताना मनुष्य वाचनालयाचा वर्गणीदार झाला. २००४ च्या अखेरीस सोनीने एमपी३ थेट वाजविणारी यंत्रे आणली, पण तोवर बाजार दुसऱ्याने जिंकला होता.

तो दुसरा म्हणजे अॅपल. येथे कालानुक्रम नीट पाहिला पाहिजे. आयट्यून्स हे सॉफ्टवेअर ९ जानेवारी २००१ रोजी प्रसिद्ध झाले आणि आयपॉड हे यंत्र २३ ऑक्टोबर २००१ रोजी. कारभारी आधी आला, धनी साडेनऊ महिन्यांनी. आयट्यून्सही अॅपलच्या घरी जन्मलेले नव्हे. साउंडजॅम नावाचे दुसऱ्यांनी रचलेले सॉफ्टवेअर २००० मध्ये विकत घेऊन त्यावर ते उभे केले होते. सीडीवरील गाणी संगणकात उतरवा, हवी तशी जुळवा आणि नव्या सीडीवर कोरा, अशी त्या पहिल्या वर्षीची जाहिरात होती. ध्वनिमुद्रण कंपन्यांना ती मुळीच आवडली नाही. आयपॉड आला तेव्हा त्याच्या वेष्टनावर ‘संगीत चोरू नका’ अशी सूचना होती. एकाच वर्षातील या दोन वाक्यांमध्ये कंपनीची सगळी ओढाताण दिसून येते.

पहिल्या आयपॉडमध्ये तोशिबाची पावणेदोन इंचांहून किंचित मोठी, ५ गिगाबाइटांची हार्ड डिस्क होती. किंमत ३९९ डॉलर. ‘एक हजार गाणी खिशात’ ही त्याची घोषणा. या हजाराचा हिशेब चार मिनिटांचे गाणे आणि सेकंदास १६० किलोबिट असा धरलेला होता. त्या मापाने पन्नास मिनिटांचा एक ख्याल सुमारे साडेबारा गाण्यांची जागा खाई, पण यादीत त्याची गणना एकच ‘साँग’ अशी होई. विलंबित, द्रुत आणि अखेरचा तराणा वेगळे तोडले असतील तर तीन. आपल्या संगीतात गाणे हे एकक कोठे सुरू होते व कोठे संपते हा प्रश्न जुनाच आहे. तबकडीच्या साडेतीन मिनिटांनीही तो एकदा सोडविला होता. नव्या यंत्राने तो पुन्हा न विचारताच सोडविला.

आता ‘सिंक’ या शब्दाकडे वळू. त्याचे मूळ ग्रीक. अर्थ, दोन गोष्टींचा काळ जुळविणे. १९९६ मध्ये आलेल्या पाम पायलट या खिशातील टिपणवहीत हा शब्द बऱ्याच अंशी अर्थास जागून वापरला होता: वहीत केलेला फेरफार संगणकात जाई आणि संगणकातला वहीत येई. संगीतयंत्रात मात्र ‘सिंक’ एकमार्गी झाले. आयट्यून्सच्या दुसऱ्या आवृत्तीपासून यंत्र जोडताच संगणकातील संग्रह आपोआप यंत्रात उतरे. उलट दिशेने गाणे येण्यास वाटच ठेवलेली नव्हती. संगीताच्या फाइली एका लपविलेल्या फोल्डरात जात आणि पुढील काळात त्यांची मूळ नावे काढून तेथे निरर्थक अक्षरांची नावे येत. कोणती फाइल म्हणजे कोणते गाणे, ही माहिती एका वेगळ्या नोंदपुस्तकात असे. संगणकातील संग्रह मूळ, यंत्रातील संग्रह त्याची सावली, अशी ही कल्पना होती. यंत्र दुसऱ्या संगणकास जोडले तर सॉफ्टवेअर विचारी, की आधीचे सर्व पुसून या संगणकातील संग्रह घालू काय?

अन्य कंपन्यांच्या सॉफ्टवेअरांतही हाच प्रकार कमीअधिक फरकाने होता. त्याचा एक अनुभव सांगितल्यावाचून राहवत नाही. प्रस्तुत लेखकाने २००६ मध्ये, पुण्यास विद्यार्थी असताना, शिष्यवृत्तीच्या पैशातून असे एक यंत्र घेतले होते. कोणत्या कंपनीचे, ते सांगण्याचे प्रयोजन नाही. सिंधुदुर्गातील दोन गावांत मालवणीच्या अभ्यासासाठी केलेली ध्वनिमुद्रणे, त्यांत जात्यावरच्या ओव्याही होत्या, प्रवासात ऐकून टिपणे करता यावीत म्हणून त्यात घातली होती. पुढच्या वर्षी संगणकाची हार्ड डिस्क बिघडली. ध्वनिमुद्रणे यंत्रात सुखरूप होती, ऐकूही येत होती. ती परत मिळवावीत म्हणून यंत्र मित्राच्या संगणकास जोडले. समोर प्रश्न आला. त्यातील ‘सिंक’ या शब्दाचा अर्थ भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याने व्युत्पत्तीप्रमाणे घेतला आणि होकार दिला. दोन-तीन मिनिटांत यंत्रात मित्राच्या आवडीची चित्रपटगीते आली. ओव्या गेल्या. सात ध्वनिमुद्रणे तेवढी पूर्वी एका चकतीवर उतरविलेली होती. गाणाऱ्यांपैकी एक आजी त्या पावसाळ्यातच वारल्या होत्या. दोष हलगर्जीपणाचा होता हे मान्य. पण तो सर्वस्वी माझा होता असे अजूनही वाटत नाही.

एकमार्गी रस्त्याचा हेतू चोरी रोखणे हा होता, असे या कंपन्यांच्या बाजूने म्हणता येईल. हा पक्ष अगदीच टाकाऊ नव्हे. ध्वनिमुद्रण कंपन्यांनी संमती न दिली तर गाण्यांचे दुकान उघडणे शक्य नव्हते. तसे दुकान अॅपलने २८ एप्रिल २००३ रोजी दोन लक्ष गाण्यांनिशी उघडले. किंमत गाण्यास ९९ सेंट. विंडोज संगणकांवरही आयट्यून्स त्याच वर्षी १६ ऑक्टोबरला आले. तोपर्यंत विंडोजच्या ग्राहकांस आयपॉडबरोबर म्यूझिकमॅच नावाचे दुसरेच सॉफ्टवेअर मिळत असे. दुकानातून घेतलेल्या प्रत्येक गाण्यास ‘फेअरप्ले’ नावाचे कुलूप होते. ते गाणे तीन संगणकांवर वाजविता येई आणि गाण्यांची एक यादी दहा वेळा सीडीवर कोरता येई. एका वर्षाने, एप्रिल २००४ मध्ये, या अटी बदलल्या: संगणक तीनाचे पाच झाले आणि कोरण्याची मर्यादा दहावरून सातावर आली. पहिला फरक ग्राहकाच्या हिताचा, दुसरा अहिताचा. पण हिताहितापेक्षा एक गोष्ट महत्त्वाची वाटते. विक्रीनंतर ज्या वस्तूचे गुणधर्म विकणाऱ्यास बदलता येतात, तिला आपण मराठीत ‘विकत घेतलेली’ म्हणतो काय? भाड्याच्या घराबद्दल अशी भाषा शोभते. संगणकास ‘ऑथोराइझ’ करावे लागे, हेही त्याच जातीचे क्रियापद होय. अधिकार देणारा कर्ता तेथे ग्राहक नसे.

जुलै २००४ मध्ये रिअलनेटवर्क्स या कंपनीने आपल्या दुकानातील गाणी आयपॉडमध्ये वाजतील अशी युक्ती काढली. अॅपलने तीव्र आक्षेप घेतला आणि त्यानंतरच्या फेरबदलांनी ती युक्ती निकामी झाली. या धोरणावर २००५ मध्ये सुरू झालेला ग्राहकांचा दावा चालत चालत डिसेंबर २०१४ मध्ये ज्यूरीसमोर आला. २००६ च्या आयट्यून्समधील बदल ही उत्पादनातील खरी सुधारणा होती काय, एवढ्या एका प्रश्नावर तो येऊन ठेपला. ज्यूरीने ‘होय’ असे उत्तर दिले आणि अॅपल जिंकली. ज्या यंत्रासाठी हा दावा, त्यातील जुन्या चक्राच्या जातीचे यंत्र त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये विक्रीतून गेले होते.

मायक्रोसॉफ्टची कथा थोडक्यात सांगितली तरी पुरे. २००४ मध्ये तिने इतर कंपन्यांच्या यंत्रांसाठी ‘प्लेजफॉरशुअर’ अशी खात्रीची मोहोर काढली, आणि १४ नोव्हेंबर २००६ रोजी स्वतःचे ‘झून’ यंत्र आणले ते त्या मोहोरेची गाणी न वाजविणारे! एप्रिल २००८ मध्ये तिने आपल्या बंद झालेल्या दुकानाच्या ग्राहकांस कळविले, की ३१ ऑगस्टनंतर गाण्यांच्या किल्ल्या नव्या संगणकास मिळणार नाहीत. ओरड झाल्यावर ही मुदत २०११ अखेरपर्यंत वाढविली. ३१ डिसेंबर २००८ रोजी तर ३० गिगाबाइटांची झून यंत्रे जगभर एकाच दिवशी गोठली. लीप वर्षाचा ३६६ वा दिवस मोजताना आतील आज्ञांचा घोटाळा झाला होता. उपाय एकच: बॅटरी संपू द्यावी आणि उद्याची वाट पाहावी.

या साऱ्या कुलपांनी नेमके किती संगीत राखले गेले? फेब्रुवारी २००७ मध्ये स्टीव्ह जॉब्स यांनी एक खुले पत्र प्रसिद्ध केले. त्यातील हिशेबाप्रमाणे नऊ कोटी आयपॉड आणि दुकानातून विकली गेलेली दोनशे कोटी गाणी, म्हणजे एका यंत्रामागे बावीस गाणी. यंत्रातील उरलेले सुमारे ९७ टक्के संगीत कुलपावाचूनचेच. हे पत्र स्वार्थनिरपेक्ष नव्हते. युरोपातील ग्राहकसंस्थांचा रेटा त्यामागे होता. पण आकडे खरे धरले तर बावीस गाण्यांसाठी हजार गाण्यांच्या दारावर पहारा बसविला होता असे म्हणावे लागते. ६ जानेवारी २००९ रोजी कुलपे काढल्याची घोषणा झाली. जुन्या गाण्यांवरील कुलूप काढून हवे असल्यास गाण्यामागे ३० सेंट पडत.

भारतात हा प्रश्न निराळ्याच स्वरूपात आला. आयट्यून्सचे संगीताचे दुकान भारतात उघडले ते ४ डिसेंबर २०१२ रोजी. म्हणजे साडेनऊ वर्षांहून अधिक काळ भारतीय ग्राहकाच्या संगणकात दुकानाचे दार होते, पण ते बंद होते. आपल्याकडे सोबतचे सॉफ्टवेअर हा दुकानदार नव्हताच. तो होता कारकून. सीडीवरून व कॅसेटवरून उतरविलेले संगीत वर्गवारीने लावून ठेवणे एवढेच त्याचे काम. आणि या कारकुनाची वर्गवारी मराठी श्रोत्यास फार जाचली.

फाइलीच्या पोटात गाण्याची माहिती ठेवणारी ‘आयडी३’ ही खूणपट्टी १९९६ मध्ये निघाली. ती १२८ बाइटांची. त्यात गाणे, कलाकार आणि अल्बम यांना प्रत्येकी ३० बाइट. शैलीस एकच बाइट, कारण शैलीचे नाव लिहावयाचे नसून ८० नावांच्या ठरलेल्या यादीतील क्रमांक द्यावयाचा असे. या यादीत पोल्का आहे, डेथ मेटल आहे, श्रोत्यांची थट्टा करणाऱ्या मुद्रणांसाठीही एक खाना आहे. ख्याल, ठुमरी, नाट्यगीत, अभंग, लावणी यांपैकी काही नाही. आपले अवघे संगीत ‘एथ्निक’ किंवा ‘अदर’ या दोन कोठारांत जाई. ‘ज्ञानेश्वर’ हे नाव युनिकोडच्या युटीएफ-८ पद्धतीने लिहिले तर दहा संकेतचिन्हांचे बरोबर ३० बाइट होतात. तेवढ्यातच शीर्षकाची जागा संपते. १९९८ मधील दुसऱ्या पिढीच्या खूणपट्टीने लिपीची आणि लांबीची अडचण तत्त्वतः दूर केली. प्रत्यक्षात माझ्या यंत्रावर देवनागरी नावांच्या जागी चौकोनांची रांग दिसे. म्हणून सर्वांनी रोमन लिपी पत्करली. आणि रोमन लिपीत पंडित भीमसेन जोशी हे एकच गायक ‘बी’ अक्षराखाली एक, ‘पी’ अक्षराखाली ‘पं.’ म्हणून दुसरे आणि ‘पंडित’ म्हणून तिसरे झाले. आदरार्थी उपपदाने यादीत तीन माणसे उभी केली.

याहून खोल अडचण ‘कलाकार’ या खान्याची. आकाशवाणीवर भावगीताची घोषणा ऐकत वाढलेल्या श्रोत्यास गीतकार, संगीतकार आणि गायक ही त्रयी ठाऊक असते. खूणपट्टीच्या पहिल्या रूपात खाना एकच, आणि तो गायकाने व्यापला. पुढे रचनाकाराचा खाना मिळाला, त्यात संगीतकार बसले. कवी कोठेच बसला नाही. अल्बमच्या खान्यात चित्रपटाचे किंवा नाटकाचे नाव घालण्याची रीत लोकांनी आपसांत पाडली. राग, ताल, घराणे ‘टिप्पणी’त कोंबले. सीडी घालताच ही माहिती आपोआप भरणारी जी सीडीडीबी नावाची सूची होती, ती १९९३ पासून संगीतप्रेमी माणसांनी फुकट टंकून वाढविलेली. ती १९९८ मध्ये विकली गेली, २००० मध्ये ‘ग्रेसनोट’ झाली आणि २००८ मध्ये सोनीने घेतली. कित्येक अनाम स्वयंसेवकांनी घरी बसून टंकलेली नावे अशा रीतीने एका कंपनीची मालमत्ता झाली.

आयट्यून्सची मॅक संगणकांवर ऑक्टोबर २०१९ मध्ये वाटणी होऊन त्याची तीन वेगळी सॉफ्टवेअरे झाली. आयपॉडच्या अखेरच्या जातीचे उत्पादन थांबल्याचे अॅपलने १० मे २०२२ रोजी जाहीर केले. खूणपट्टी मात्र अजून चालू आहे. गेल्या वर्षी त्या वाचलेल्या सात ध्वनिमुद्रणांची चकती विभागाच्या संग्रहासाठी उघडली, तेव्हा प्रत्येक फाइलीत कलाकाराच्या जागी सॉफ्टवेअरने आपण होऊन ‘अननोन आर्टिस्ट’ असे भरून ठेवलेले आढळले. गाणाऱ्या बायांची नावे, गावे आणि मुद्रणाच्या तारखा क्षेत्रकार्याच्या वहीत होत्या. त्या वहीवरून सातही खाने पुन्हा लिहून काढले, या वेळी देवनागरीत.